दिनविशेष : २२ ऑगस्ट
चीनयुद्धातील पराभवानंतर आचार्य कृपलानींनी नेहरू मंत्रिमंडळाविरुद्ध मांडलेला, लोकसभेच्या इतिहासातील पहिला अविश्वासाचा ठराव १९६३ साली आजच्या दिवशी ६२ विरुद्ध ३४७ मतांनी फेटाळला गेला. परंतु मतांच्या या बेरजेपेक्षा अधिक मोलाचा होता तो, फरुखाबादच्या पोटनिवडणुकीतून नुकतेच सभागृहात आलेल्या डॉ. राममनोहर लोहियांनी याच चर्चेत केलेला खडा सवाल : २७ कोटी प्रजा रोजच्या ३ आण्यांवर गुजराण करीत असता पंतप्रधानांवर सरकारी तिजोरीतून रोज २५ हजार रुपये खर्च व्हावेत काय? रयतेच्या मिळकतीचा असा आण्याआण्याचा हिशेब सरकारकडे मागणे, ही विरोधी बाकांची सर्वांत मोठी सेवा होय. लोहियांच्या ३ आण्यांना उत्तर म्हणून पंडित नेहरूंनी रोजच्या मिळकतीचा १५ आण्यांचा आकडा पुढे केला. पुढे नियोजनमंत्री गुलझारीलाल नंदांनी सांगितलेला आकडा त्याच्या निम्मा, साडेसात आण्यांचा होता.