रविवारची मागणी

इतिहास म्हटला, की आपल्यापुढे लढाया नि तह उभे राहतात. मला मात्र एका साध्या अर्जात मोठा इतिहास दिसतो. १८८४ साली मुंबईच्या साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या वतीने तो फॅक्टरी कमिशनपुढे गेला. त्यामागे होते नारायण मेघाजी लोखंडे. जोतीराव फुल्यांचे हे सहकारी 'दीनबंधु' पत्र चालवीत. स्वतः गिरणीत नोकरी केलेली असल्यामुळे आतले जिणे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

अर्जात मागितले होते काय? रविवारी सुट्टी; दुपारी अर्धा तास विसावा; काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे; पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत हाती पडावा; कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि तो कायमचा अधू झाल्यास त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी.

या यादीत पगारवाढ नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. ती नको होती असे कोण म्हणेल? पण आधी हवी होती निश्चिंती. घरी कधी पोचू, पैसे कधी मिळतील, हात यंत्रात सापडला तर पोराबाळांचे काय, या काळज्या माणसाला आतून पोखरतात.

रविवार पदरात पडला तो सहा वर्षांनी. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. मालक नमले आणि जूनमध्ये आठवड्याची सुट्टी सुरू झाली.

एक काळजी मात्र तशीच राहिली. तिचे नाव जॉबर. कामावर घ्यायचा तो, काढायचा तो, दस्तुरी उकळायचा तो. बायकांच्या खात्यात हाच अधिकार नायकिणीचा. बदली कामगार सकाळी दाराशी उभा राही; आज आत घेतात की परत पाठवितात, हे जॉबरच्या चेहऱ्यावरून ओळखायचे. पुष्कळदा तो आपल्याच गावचा, अडीनडीला पैसे देणारा. मग गाऱ्हाणे न्यायचे कुणाकडे? राबून शिणलेले शरीर झोपेने सावरते, पण दुसऱ्याच्या मर्जीवर टांगलेल्या मनाला झोप कुठली? १९३१ साली व्हिटली कमिशनने या सत्तेवर नेमके बोट ठेवले आणि भरतीचे काम जॉबरकडून काढून लेबर ऑफिसरकडे सोपवावे, अशी शिफारस केली.

१९८२च्या संपानंतर बहुतेक गिरण्या एकेक करून मिटल्या. कित्येकींच्या जागी आज काचेच्या कचेऱ्या उभ्या आहेत. माझी भाची अशाच एका कचेरीत आहे. पगार उत्तम, खुर्ची मऊ. पण रविवारी जेवताना मोबाइल वाजतो, वरच्या साहेबांचा निरोप असतो आणि तिचा घास हातातच राहतो. परवा ती फराळाला आली, तेव्हा मी तिला त्या जुन्या मागण्या वाचून दाखविल्या. चकली बाजूला ठेवून तिने विचारले, "मामा, त्या अर्जावर अजून एका सहीपुरती जागा आहे का हो?"