रोजच्या वापरातील वेगवान मोटार आणि वाढीव क्षमतेचा क्लच : निवडीच्या निकषांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मोटारगाडीच्या इतिहासात इंजिन, वेग आणि शर्यती यांना जे स्थान मिळाले ते क्लचला क्वचितच मिळाले आहे. वस्तुतः ज्वलन इंजिन उभ्या अवस्थेतून भार ओढू शकत नाही; ते आधी फिरत असावे लागते. फिरते इंजिन आणि उभी चाके यांची सांगड घालण्याचे काम क्लच करतो. त्यासाठी त्याच्या अंगी दोन गुण असावे लागतात. पूर्ण जुळल्यानंतर त्याने मुळीच घसरू नये आणि जुळत असताना मात्र त्याने थोडे घसरावे. हे दोन्ही गुण एकमेकांच्या विरोधात जातात. म्हणूनच क्लचचा इतिहास हा मुख्यतः तडजोडीचा इतिहास आहे.

ज्या मोटारीच्या इंजिनाची शक्ती मालकाने वाढवली आहे, परंतु जी रोज कामावर जाण्यासाठीही वापरली जाते, त्या मोटारीत ही तडजोड विशेष तीव्र होते. मूळ क्लच वाढलेल्या टॉर्कपुढे घसरू लागतो आणि नवा क्लच निवडण्याची वेळ येते. 'सर्वांत जास्त पकडीचा तो सर्वांत चांगला' असा समज अशा वेळी प्रबळ असतो. हा समज इतिहासाच्या कसोटीवर कितपत उतरतो, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

उद्दिष्टे व पद्धती

१) क्लचची क्षमता वाढवण्याचे मार्ग इतिहासात कसे विकसित झाले ते पाहणे. २) प्रत्येक मार्गाची किंमत कोणी मोजली याचा विचार करणे. ३) त्या आधारे रोजच्या वापरासाठी निवडीचे निकष मांडणे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

क्षमतेचे चार घटक

घर्षण क्लच किती टॉर्क वाहून नेऊ शकतो हे चार राशींच्या गुणाकारावर ठरते : घर्षण पृष्ठांची संख्या, लायनिंगचा घर्षणांक, प्रेशर प्लेटचा दाब आणि लायनिंगची सरासरी त्रिज्या. एका प्लेटच्या क्लचमध्ये घर्षण पृष्ठे दोन असतात. घर्षणांक ०.३, दाब ६००० न्यूटन आणि सरासरी त्रिज्या ०.१ मीटर धरल्यास क्षमता ३६० न्यूटन-मीटर येते. ३०० न्यूटन-मीटरच्या इंजिनाला हा क्लच वीस टक्के राखीव क्षमतेसह पुरतो. क्षमता वाढवण्याचा कोणताही उपाय या चारपैकी एका वा अधिक राशींना हात घालतो. म्हणून पुढील विवेचन याच क्रमाला धरून, प्रथम घर्षणद्रव्यापासून केले आहे.

घर्षणद्रव्य : चामड्यापासून ॲस्बेस्टॉसपर्यंत

विसाव्या शतकाच्या प्रारंभी शंकूच्या आकाराचा, चामड्याचे अस्तर असलेला क्लच सर्वत्र रूढ होता. चामडे कोरडे पडले की क्लच एकाएकी पकडे आणि गाडी हिसका देई. म्हणून चामड्याला एरंडेल तेल चोळावे लागे. तेल जास्त झाले की क्लच घसरे. मग त्यावर मुलतानी माती टाकण्याचा उपाय केला जाई. पकड आणि हळुवारपणा यांतील द्वंद्व चालकाच्या हातातच होते, असे या काळाबद्दल म्हणता येते.

यातून सुटका घर्षणद्रव्यांच्या उद्योगाने केली. इंग्लंडमधील हर्बर्ट फ्रूड यांनी १८९७ मध्ये सुरू केलेल्या कामातून 'फेरोडो' ही कंपनी उभी राहिली. प्रारंभी घोडागाड्यांच्या ब्रेकसाठी सुती द्रव्ये बनवणाऱ्या या उद्योगाने पुढे ॲस्बेस्टॉसचा वापर केला. ॲस्बेस्टॉस उष्णतेला दाद देत नाही, स्वस्त आहे आणि त्याची पकड हळुवार आहे. रोजच्या वापराच्या दृष्टीने ते जवळजवळ आदर्श द्रव्य ठरले.

त्याची किंमत मात्र मालकाने मोजली नाही. ब्रिटनमध्ये मेरेवेदर व प्राइस यांचा अहवाल १९३० मध्ये प्रसिद्ध झाला आणि ॲस्बेस्टॉसच्या धुळीने कामगारांच्या फुप्फुसांना होणारा आजार शासनदरबारी नोंदला गेला. १९३१ चे नियम त्यातून आले. परंतु त्यांचा रोख कारखान्यांतील उत्पादन-प्रक्रियांवर होता. जुना क्लच उघडून त्यातील धूळ हवेच्या झोताने उडवणारा गॅरेजमधील मेकॅनिक त्या कक्षेबाहेर राहिला. ब्रिटनने पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली ती १९९९ मध्ये, म्हणजे अहवालानंतर ६९ वर्षांनी. युरोपीय संघात ती २००५ पासून लागू झाली आणि अमेरिकेने क्रायसोटाईलवरील बंदीचा नियम २०२४ मध्ये काढला. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस उद्योगातील कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी दीर्घकाळ जतन करण्याचा आदेश दिला. घर्षणद्रव्याची निवड ही निव्वळ तांत्रिक बाब नसते, हे या घटनाक्रमावरून स्पष्ट होते.

ॲस्बेस्टॉसची जागा घेणारी द्रव्ये दोन दिशांनी विकसित झाली. एका बाजूला काचतंतू व अरामिड तंतूंची सेंद्रिय लायनिंग आली. अरामिडपैकी केव्हलार हा तंतू ड्यूपाँ कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांच्या १९६५ मधील संशोधनातून निर्माण झाला. दुसऱ्या बाजूला धातूचा भुगा दाबून-भाजून तयार केलेली, बोलीभाषेत 'सिरॅमिक' म्हटली जाणारी द्रव्ये आली. सिरॅमिक प्लेट जास्त उष्णता सोसते व जास्त पकडते. पण ती अर्धवट घसरू देत नाही, सुटताना गाडी थरथरते आणि फ्लायव्हीलचा पृष्ठभाग लवकर झिजतो. चामड्याच्या काळातील हिसका येथे नव्या रूपात परत येतो.

दाब, व्यास आणि प्लेटांची संख्या

दाबासाठी प्रारंभी क्लचच्या परिघावर अनेक गुंडाळी स्प्रिंगा बसवत. लायनिंग झिजले की या स्प्रिंगा सैल पडत व दाब कमी होई. शिवाय उच्च वेगात केंद्रोत्सारी बलाने त्या बाहेरच्या बाजूस वाकत. १९३० च्या दशकात जनरल मोटर्सच्या संशोधन प्रयोगशाळेत आकाराला आलेल्या डायफ्रॅम स्प्रिंगने हे दोष दूर केले. तबकडीसारख्या या एकाच स्प्रिंगचा दाब झीज होत असताना टिकून राहतो आणि पेडल पूर्ण दाबत आणल्यावर त्याचा जोर ओसरतो. युरोपात तिचा प्रसार करण्यात जर्मनीतील ब्यूल येथे १९६५ मध्ये स्थापन झालेल्या 'लुक' या कंपनीचा मोठा वाटा होता. केवळ अधिक कडक डायफ्रॅम बसवून क्षमता वाढवणे हा आजही सर्वांत सोपा मार्ग मानला जातो. मात्र त्याचा भार चालकाच्या डाव्या पायावर, रिलीज बेअरिंगवर आणि पुश पद्धतीच्या क्लचमध्ये क्रँकशाफ्टच्या थ्रस्ट बेअरिंगवरही पडतो.

व्यास वाढवण्याचा मार्ग मूळ उत्पादकाला अधिक खुला असतो. पोर्शे ९११ कॅरेरामध्ये १९८७ च्या मॉडेलपासून नवा गिअरबॉक्स आला, तेव्हा क्लचचा व्यास २२५ वरून २४० मिलिमीटर करण्यात आला आणि केबलऐवजी हायड्रॉलिक यंत्रणा बसवण्यात आली. व्यासातील ही वाढ सुमारे साडेसहा टक्के आहे; परंतु समान जाडीच्या तबकडीचे फिरण्याचे जडत्व त्रिज्येच्या चतुर्थ घातात वाढत असल्याने ते सुमारे एकोणतीस टक्क्यांनी वाढते. जड प्लेट लवकर थांबत नाही आणि गिअर बदलताना सिंक्रोनायझरवर ताण येतो. मालकासमोर तर फ्लायव्हील व घंटीच्या आकाराचे आवरण यांचीही मर्यादा असते.

चौथा मार्ग सर्वांत जुन्यांपैकी एक आहे. लिव्हरपूल येथे अभियांत्रिकीचे प्राध्यापक राहिलेले हेन्री हेले-शॉ यांचा तेलात चालणारा अनेक प्लेटांचा क्लच विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात नावाजला होता. पुढे कोरड्या एका प्लेटच्या क्लचने त्याला सामान्य मोटारीतून हटवले. शर्यतीच्या गाड्यांत मात्र अनेक प्लेटांची कल्पना टिकली.

जपानमधील अनुभव

वाढीव क्लचची निवड हा सामान्य मालकाचा प्रश्न होण्यामागे जपानमधील एका अलिखित कराराचा मोठा हात आहे. १९८९ पासून २००४ पर्यंत तेथील उत्पादक आपल्या मोटारींची शक्ती २८० अश्वशक्तीपेक्षा अधिक जाहीर करीत नसत. १९८९ मध्ये आलेली निस्सान स्कायलाइन जीटी-आर ही याचे ठळक उदाहरण होय. तिच्या २.६ लिटरच्या दोन टर्बोंच्या इंजिनाचा जाहीर टॉर्क ३५३ न्यूटन-मीटर होता. परंतु त्याहून बरीच अधिक शक्ती सोसण्याची त्याची ताकद होती. टर्बोचा दाब वाढवला की इंजिन टिके, क्लच घसरे. त्यातच या मॉडेलमध्ये आधी पुश व नंतर पुल पद्धतीचा क्लच आला; त्यामुळे एकाच नावाच्या गाडीला एकच सुटा भाग लागू पडेना.

ओकायामा येथे १९७३ मध्ये स्थापन झालेल्या ओएस गिकेनसारख्या कंपन्यांनी दोन व तीन प्लेटांचे क्लच रस्त्यावरील गाड्यांसाठी उपलब्ध केले. ओसाका परिसरात १९५० मध्ये सुरू झालेली डायकिन मॅन्युफॅक्चरिंग ही कंपनी १९९५ मध्ये 'एक्सेडी' झाली. औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथील सीके डायकिन ही कंपनी याच उद्योगसमूहाशी जोडली गेली व पुढे एक्सेडी इंडिया म्हणून ओळखली जाऊ लागली.

आता मूळ हिशेबाकडे वळल्यास निवडीचे स्वरूप स्पष्ट होते. इंजिनाचा टॉर्क ३०० वरून ४०० न्यूटन-मीटर केला आणि वीस टक्के राखीव धरले, तर ४८० न्यूटन-मीटर क्षमता हवी. ती तीन प्रकारे मिळते. घर्षणांक ०.४ करावा, किंवा दाब ८००० न्यूटन करावा, किंवा दोन प्लेटा घेऊन घर्षण पृष्ठे चार करावीत, त्या वेळी ४००० न्यूटन दाबही पुरतो. पहिल्यात हळुवारपणा जातो, दुसऱ्यात पाय दुखतो. तिसऱ्यात दाब मूळ क्लचपेक्षाही एकतृतीयांशाने कमी होतो. परंतु खर्च वाढतो आणि अनेक रचनांत पेडल दाबलेले असताना प्लेटांचा खुळखुळाट ऐकू येतो.

रोजच्या वापराची कसोटी

शर्यतीत क्लचची परीक्षा सुरुवातीच्या काही क्षणांत होते; शहरात ती प्रत्येक सिग्नलला होते. सपाट रस्त्यावर इंजिनाचा वेग स्थिर ठेवून गाडी सुरू केल्यास गाडीला जितकी गतिज ऊर्जा मिळते, साधारण तितकीच क्लचमध्ये उष्णतारूपाने खर्च होते. १४०० किलोग्रॅमची गाडी ताशी १८ किलोमीटर वेगापर्यंत आणताना ही उष्णता सुमारे १७,५०० ज्यूल भरते. गर्दीत अर्धा क्लच दाबून गाडी सरकवणाऱ्याला हा हिशेब वारंवार चुकता करावा लागतो.

म्हणूनच उत्पादकांनी पकडीइतकेच लक्ष सुखद जुळणीकडे दिले. प्लेटच्या दोन लायनिंगांमधील लहरी पत्र्याच्या स्प्रिंगा जुळणी हळुवार करतात. मधल्या हबमधील स्प्रिंगा इंजिनाची थरथर शोषतात. १९८५ पासून मोटारींत वापरात आलेल्या दोन वस्तुमानांच्या फ्लायव्हीलने हे काम अधिक परिणामकारकपणे केले. वाढीव क्लचच्या संचात पुष्कळदा याच गोष्टी वगळून हलके एकसंध फ्लायव्हील दिले जाते. इंजिन चपळ होते खरे; पण आधी फ्लायव्हीलमध्ये जिरणारी थरथर गिअरबॉक्समध्ये खडखडू लागते.

निष्कर्ष

१) क्षमता वाढवण्याच्या प्रत्येक मार्गाची किंमत असते, ती नाहीशी होत नाही, केवळ एकाकडून दुसऱ्याकडे जाते : चालकाच्या पायाकडे, गिअरबॉक्सकडे वा कामगाराच्या फुप्फुसांकडे.

२) निवडीचा पाया घोषित अश्वशक्ती नसून प्रत्यक्ष मोजलेला कमाल टॉर्क असावा. त्यावर माफक राखीव क्षमता धरावी. त्याहून अधिक पकड ही रोजच्या वापरात गैरसोयच ठरते.

३) वाढ माफक असल्यास सेंद्रिय लायनिंग, हबमधील स्प्रिंगा आणि किंचित अधिक दाब हा क्रम योग्य. वाढ मोठी असल्यास एका सिरॅमिक प्लेटपेक्षा दोन प्लेटांचा सेंद्रिय क्लच रोजच्या वापराला अधिक अनुकूल ठरतो.

४) पुश वा पुल पद्धत, रिलीज बेअरिंग व फ्लायव्हील यांचा विचार क्लचबरोबर एकत्रितच करावा.

५) जुन्या साठ्यातील वा घटकद्रव्यांचा उल्लेख नसलेले लायनिंग टाळावे. जुना क्लच उघडताना धूळ हवेने उडवू नये.

दोन क्लच असलेला स्वयंचलित गिअरबॉक्स २००३ मध्ये फोक्सवॅगन गोल्फ आर ३२ मधून बाजारात आल्यानंतर आणि विद्युत मोटारींच्या प्रसारानंतर क्लच पेडलच मागे पडत चालले आहे. तरीही ज्या गाड्यांत ते शिल्लक आहे, त्यांच्या मालकाने 'सर्वाधिक किती' असे न विचारता 'पुरेसे किती' असे विचारावे, हेच शतकभराच्या या इतिहासाचे सांगणे आहे.