आपत्तीतील दूरसंचार-खंडाची नोंद : अमेरिकेतील नियमांची वाटचाल (१९८८–२०२४)

प्रस्तावना :
चक्रीवादळ, महापूर किंवा वणवा यांत दूरध्वनी बंद पडला, की मदत मागण्याचे साधनच हिरावले जाते. तो बंद पडल्याची तक्रारही बहुधा दूरध्वनीवरूनच करावयाची असते. त्यामुळे सर्वाधिक हानी झालेला प्रदेश बचाव यंत्रणेला सर्वांत शांत भासण्याचा धोका असतो. म्हणूनच सेवा कोठे खंडित झाली याची नोंद कंपनीने करावी काय, ती सक्तीची असावी काय आणि ती कोणास पाहता यावी, हे प्रश्न शासनव्यवहाराच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरतात. प्रस्तुत निबंधात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील या प्रश्नांच्या इतिहासाचा आढावा घेतला आहे.

सक्तीचा उगम :
१९८४ मध्ये बेल समूहाचे विभाजन होऊन दूरध्वनीचे जाळे अनेक कंपन्यांत वाटले गेले. ८ मे १९८८ रोजी इलिनॉय राज्यातील हिन्सडेल येथील दूरध्वनी केंद्रास आग लागली. सुमारे ३५,००० स्थानिक ग्राहकांची सेवा बंद पडली, शिकागोच्या विमानतळांचे दळणवळण विस्कळीत झाले आणि सेवा पूर्ववत होण्यास काही आठवडे लागले. जानेवारी १९९० मध्ये संगणकप्रणालीतील दोषामुळे एटी अँड टी कंपनीचे दूर पल्ल्याचे जाळे सुमारे नऊ तास कोलमडले. सप्टेंबर १९९१ मध्ये याच कंपनीच्या न्यूयॉर्क येथील केंद्राचा वीजपुरवठा बंद पडून विमानवाहतूक खोळंबली. या घटनांच्या पार्श्वभूमीवर संघीय दळणवळण आयोगाने १९९२ मध्ये मोठ्या खंडाचा अहवाल देणे दूरध्वनी कंपन्यांवर बंधनकारक केले. पुढे ३०,००० ग्राहक आणि ३० मिनिटे ही मर्यादा स्थिरावली. हे अहवाल जनतेसही पाहता येत असत.

व्याप्ती आणि गोपनीयता :
२००४ च्या नियमांनी भ्रमणध्वनी, केबल व उपग्रह यांद्वारे दिली जाणारी दूरसंचार सेवा नोंदीच्या कक्षेत आणली. मात्र ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर वातावरण बदलले होते. जाळ्यातील कच्चे दुवे शत्रूच्या हाती लागतील, ही गृहसुरक्षा विभागाची भीती आयोगाने मान्य केली आणि अहवाल गोपनीय ठरवले. म्हणजे नोंद अधिक व्यापक झाली त्याच वेळी ती जनतेच्या, तसेच राज्य सरकारांच्याही दृष्टीआड गेली.

कॅटरिना आणि स्वेच्छेची व्यवस्था :
ऑगस्ट २००५ मधील कॅटरिना चक्रीवादळात तीस लाखांहून अधिक दूरध्वनी जोडण्या बंद पडल्या. आपत्कालीन '९११' क्रमांकाची ३८ केंद्रे निकामी झाली. त्यानंतर २००७ मध्ये आयोगाने आपत्तीकाळासाठी स्वतंत्र माहिती-प्रणाली सुरू केली. तीत रोजची स्थिती कळवणे ऐच्छिक होते. आपत्तीत कर्मचारी दुरुस्तीत गुंतलेले असतात, त्यांच्यावर कागदपत्रांचा बोजा नको, हा त्यामागील विचार समजण्याजोगा होता. परंतु ही प्रणाली लागू झाली, की नेहमीच्या सक्तीच्या अहवालातून कंपन्यांना बहुधा सूट मिळे. परिणामी साध्या बिघाडाची नोंद सक्तीची, तर महासंकटातील नोंद ऐच्छिक, अशी विसंगती निर्माण झाली.

राज्यांचा दावा :
सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळानंतर पोर्टो रिकोतील सुमारे ९५ टक्के भ्रमणध्वनी मनोरे बंद होते. हा एकत्रित आकडा आयोगाने प्रसिद्ध केला. कंपनीनिहाय तपशील मात्र गोपनीयच राहिला. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये 'सिनेट विधेयक ६७०' संमत करून निराळा मार्ग धरला. एखादी वस्ती संपर्कहीन करणारा खंड लक्षात आल्यापासून ६० मिनिटांत राज्याच्या आपत्कालीन सेवा कार्यालयास कळवणे कंपन्यांवर बंधनकारक झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वणव्याच्या भीतीने वीज बंद ठेवली गेली, तेव्हा मरिन परगण्यातील निम्म्याहून अधिक मनोरे बंद पडले.

मार्च २०२१ मध्ये आयोगाने गोपनीयतेच्या अटींवर राज्यांना आपल्या नोंदी पाहू देण्याचा निर्णय घेतला. तो ३० सप्टेंबर २०२२ पासून अमलात आला. प्रत्येक मोठ्या आपत्तीनंतर आयोगाने जाहीर सुनावणी घेऊन अहवाल द्यावा, असे सुचवणारे 'इमर्जन्सी रिपोर्टिंग अ‍ॅक्ट' हे विधेयक प्रतिनिधिगृहाने २०२१ मध्ये संमत केले. परंतु जानेवारी २०२३ मध्ये त्या काँग्रेसची मुदत संपेपर्यंत त्याचा कायदा होऊ शकला नाही. जानेवारी २०२४ मध्ये आयोगाने केबल, तारयुक्त, भ्रमणध्वनी व इंटरनेटाधारित दूरध्वनी कंपन्यांसाठी आपत्तीकालीन नोंद सक्तीची करणारा आदेश स्वीकारला. कॅटरिनानंतर या निर्णयास अठरा वर्षे लागली.

निष्कर्ष :
या वाटचालीतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, नियमांतील मोठे बदल बहुतेक संकटानंतरच झाले. संकटापूर्वीची दूरदृष्टी अभावानेच दिसते. दुसरी, सक्ती, व्यापकता आणि खुलेपणा या तिन्ही गोष्टी एकत्र कधीच नांदल्या नाहीत. १९९२ नंतर अहवाल खुले होते, पण व्याप्ती अपुरी होती. २००४ नंतर व्याप्ती वाढली, पण दार बंद झाले. २००७ नंतर आपत्तीची स्वतंत्र नोंद आली, पण सक्ती गेली. सुरक्षेची चिंता खोटी नव्हती. तथापि, आपल्या भागातील कोणती '९११' सेवा मूक झाली आहे हे स्थानिक अधिकाऱ्यास कळत नसेल, तर ती नोंद बचावकार्यास उपयोगी पडत नाही. नोंद किती अचूक आहे याइतकेच ती वेळेवर कोणाच्या हाती पडते यालाही महत्त्व आहे, हेच या इतिहासाचे सार होय.