बंध, वध आणि पाण्याची वाटी

मागच्या महिन्यात नातवाने कुत्र्याचं पिलू घरी आणलं. दोनेक महिन्यांचं असेल. पहिल्याच दिवशी त्याने स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी शू केली. सूनबाई म्हणाली, "आई, याचं नाक त्यात घासायचं असतं म्हणे, मग शिकतं." मी फडकं घेऊन पुसायला बसले. असली शिकवणूक मी चाळीस वर्षांपूर्वी करून चुकले आहे.

तेव्हा मी बालाघाटच्या या घरात नवीन होते. दिरांनी असंच एक पिलू आणलं होतं. घरात घाण नको, म्हणून मी त्याला परसात आखूड दोरीने बांधलं. पाणी प्यायलं की शू करतं, म्हणून पाण्याची वाटीही उचलली. वैशाखाचे दिवस, आणि आमच्याकडचं ऊन! दुपारी सासूबाई परसात गेल्या, तर पिलू मान टाकून पडलेलं. कापसाच्या बोळ्याने पाणी पाजून त्यांनी ते वाचवलं. मला एवढंच म्हणाल्या, "संध्याकाळी प्रतिक्रमणात काय म्हणतेस, ते आज नीट ऐक गं."

त्या संध्याकाळी ऐकलं. पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार. बंध म्हणजे करकचून बांधणं, वध म्हणजे मारणं, छविच्छेद म्हणजे अंग कापणं, अतिभार म्हणजे झेपेना इतकं ओझं लादणं आणि भक्तपानविच्छेद म्हणजे खाणंपिणं तोडणं. लहानपणापासून पाठ होते. त्यातले दोन मी एकाच दुपारी केले होते.

हे अतिचार कुणाला सांगितले, तेही पाहण्यासारखं आहे. उपासकदशांग सूत्रात वाणिज्यग्रामच्या आनंद श्रावकाची कथा येते. त्याची चार गोकुळं, एकेकात दहा हजार गाई. महावीरांनी त्याला बारा व्रतं समजावताना हे पाच दोष टाळायला सांगितले. त्याची पत्नी शिवानंदा हिनेही ती व्रतं घेतली. म्हणजे हा नियम घरदार सोडलेल्यांसाठी नव्हता. ज्यांच्या दावणीला जनावरं होती, त्या नवराबायकोसाठी होता. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रातही हेच पाच दोष आहेत, आणि तो ग्रंथ श्वेतांबर-दिगंबर दोघेही मानतात.

पुढे कुत्र्यांसाठी आपला समाज रस्त्यावरही आला. जून १८३२ मध्ये मुंबईत कंपनी सरकारचे पोलीस मोकाट कुत्री मारत होते. पारशी लोक चिडून उठले, दंगल झाली, आणि जैन-हिंदू व्यापारीही विरोधात सामील झाले. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शाह यांनी मुंबईत पांजरपोळ सुरू केली. तिचा आपल्याला अभिमान आहे, असायलाच हवा. पण बायांनो, पांजरपोळीला देणगी देणं सोपं. आपल्या पुसलेल्या फरशीवर ज्याने शू केली, त्याच्यावर हात न उचलणं अवघड.

स्वतंत्र भारतात रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत हा विषय लावून धरला, आणि १९६० मध्ये प्राण्यांच्या छळाला बंदी घालणारा कायदा झाला. त्यातलं ११ वं कलम वाचताना मी थबकले. मारणं, जास्त ओझं लादणं, आखूड साखळीने फार वेळ बांधून ठेवणं, अंगच्छेद करणं, पुरेसं अन्नपाणी न देणं, हे सगळे गुन्हे! पाचही अतिचार तिथे आहेत.

मग पिलाला शिकवायचं कसं? तर घड्याळ बघून. दोन महिन्यांच्या पिलाला दोन तासांपेक्षा जास्त वेळ शू धरवत नाही. तो हट्ट नव्हे, वय आहे. झोपेतून उठलं, खाल्लं, खेळून झालं की लगेच परसात न्यायचं, रोज त्याच जागी. तिथे केलं की त्याच क्षणी कौतुक करायचं. घरात झालं तर न ओरडता पुसायचं, वास राहू द्यायचा नाही, नाहीतर ते पुन्हा तिथेच जातं. मागाहून मारलं तर कशासाठी मारलं ते त्याला कळतच नाही. ते फक्त आपल्याला भ्यायला शिकतं.

आमच्या घरी सूर्यास्तानंतर चूल पेटत नाही. पिलाचंही तेव्हाच जेवण होतं, त्यामुळे निजायच्या आत त्याचं पोट साफ होतं. पाण्याची वाटी मात्र रात्रीही भरलेली असते. चौविहाराचं पच्चक्खाण मी घेतलंय, पिलाने नाही.

साधु-साध्वींना मलमूत्र कुठे टाकावं याचीसुद्धा समिती पाळावी लागते. जागा नीट पाहून, जीव नाहीत याची खात्री करून. मोठ्या माणसांना दीक्षेनंतर जे शिकावं लागतं, ते दोन महिन्यांच्या जिवाकडून एका दिवसात कसं मागायचं?

ते पहिलं पिलू आमच्याकडे नऊ वर्षं राहिलं. पण मी केस सावरायला हात वर केला, तरी ते मागे सरायचं. त्याची क्षमा मी दर संवत्सरीला मागते.

नवं पिलू आता मागच्या दारापाशी जाऊन कुईकुई करतं. काल दार सूनबाईनेच उघडलं.