काटा काढला, कुंपण आलं

आजचा एपिसोड एका शेळीमुळे सुचला.

मी जालन्याचा. दिवसभर कोड लिहितो आणि उरलेल्या वेळात निवडुंग वाढवतो, तेही बिनकाट्यांचे आणि तुरेवाले. मागच्या उन्हाळ्यात फड्या निवडुंगाची बिनकाट्यांची एक कुंडी गावाकडे अंगणात ठेवली. सकाळी बघतो तर नुसता बुडखा उरलेला! शेजारच्या काटेरी निवडुंगाला मात्र कुणी तोंडही लावलं नव्हतं. आजी म्हणाली, "काटा काढल्यावर शेळी सोडंल व्हय रे?"

आजीनं एका वाक्यात सांगितलेलं हे गणित अमेरिकेला फार महाग पडलं होतं.

निवडुंग मूळचा तिकडचाच. कॅलिफोर्नियातल्या सांता रोझा गावी लूथर बरबँक नावाचा माणूस नवनवीन झाडं तयार करायचा. १९०७ मध्ये त्यानं बिनकाट्यांच्या निवडुंगाचा कॅटलॉग काढला. काटा गेला की ओसाड जमिनीवर चाराच चारा, असं ते स्वप्न होतं. लोकांनी रोपांसाठी भरपूर पैसे मोजले. (परमहंस योगानंदांनी १९४६ सालचं आपलं आत्मचरित्र याच बरबँकला अर्पण केलंय.)

पण कडाक्याची थंडी या निवडुंगाला सोसेना. पाणी कमी पडलं की वाढ मंदावायची. आणि कुंपण नसेल, तर मोठं व्हायच्या आतच जनावरं ते फस्त करायची. अमेरिकी कृषी खात्यातले निवडुंगतज्ज्ञ डेव्हिड ग्रिफिथ्स यांनी या दाव्यांवर जाहीर टीका केली. शिवाय बिनकाट्यांचे प्रकार मेक्सिकोत आणि भूमध्य समुद्राकाठी आधीपासून होतेच.

आता तुरेवाल्यांचं बघू. अंगणातलं कोंबड्याचं फूल आठवा, लाल मखमली तुऱ्याचं. निवडुंगातही तसंच होतं. वाढीचा शेंडा एका बिंदूवर न राहता रेषेसारखा पसरतो आणि झाडाचा नागमोडी पंखा बनतो. आपल्या भाषेत सांगायचं तर बग, जो कुणीतरी फीचर म्हणून जपला. हे तुरे मी उभ्या निवडुंगावर कलम करून वाढवतो. मधूनच साधा कोंब फुटतो आणि जोमानं वाढतो. वेळीच कापला नाही तर तुरा मागे पडतो.

बिनकाट्यांचंही तेच. बी पेरलं तर रोपांना पुन्हा काटे येऊ शकतात, म्हणून फडंच लावायचं. महिकोसारखी बियाणं कंपनी १९६४ मध्ये ज्या गावात सुरू झाली, तिथं राहून मी बियाण्याविना शेती करतो!

मग बरबँक चुकला का? पूर्ण नाही. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळीकांचनला सुरू केलेल्या 'बाएफ' संस्थेनं चाऱ्यासाठी बिनकाट्यांच्या निवडुंगावर काम केलंय. फड्यात बहुतेक पाणीच असतं आणि प्रथिनं कमी, त्यामुळे सोबत कडबा लागतोच. पण २०१२-१३ चा दुष्काळ आठवा. आपल्या मोसंबीच्या बागा वाळल्या, मराठवाड्यात चारा छावण्या उघडल्या. तेव्हा बांधावर असं ओलं काही असतं, तर थोडा तरी आधार झाला असता.

फक्त एक लक्षात ठेवायचं: काटा म्हणजे झाडाचं स्वतःचं कुंपण. ते आपण काढलं, तर राखण आपल्यालाच करावी लागते.

बुडख्याला आता नवीन फडं फुटलंय. यावेळी भोवती जाळी आहे. शेळी रोज येऊन बघून जाते.