साच्याचा आवाज, खाणीचे गाणे

१९८५ साली लंडनच्या 'टेस्ट डिपार्टमेंट' या बँडचा दुसरा अल्बम निघाला. नाव 'शोल्डर टू शोल्डर', म्हणजे खांद्याला खांदा लावून. बँडच्या जोडीला त्यावर साउथ वेल्समधल्या संपकरी खाण कामगारांचा गायकवृंद होता. रॉकच्या इतिहासात या अल्बमच्या वाट्याला चार ओळी येतात. मला मात्र तो कामगारांच्या इतिहासाचे साधन वाटतो. शुक्रवार पेठेतल्या घरात, साचेखात्यात उमेद घालवलेल्या वडिलांशेजारी बसून तो ऐकल्यामुळेही असेल.

आधी नावाविषयी. १९७६ साली 'थ्रॉबिंग ग्रिसल' या मंडळींनी लंडनमध्ये 'इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स' ही कंपनी काढली आणि त्यावरून या संगीतप्रकाराला नाव पडले. नावात उद्योग असला तरी ही मंडळी प्रयोगशील कलेच्या वर्तुळातली होती, पाळीवर जाणारी नव्हेत. टेस्ट डिपार्टमेंट १९८१ मध्ये न्यू क्रॉस भागात उभे राहिले. शेजारीच डेप्टफर्डची गोदी, जिथले काम केव्हाच उठून गेले होते. तिथल्या भंगारातले पत्रे, पिंपे आणि स्प्रिंगा आणून हे तरुण बडवू लागले. यंत्रे थांबली तिथे यंत्रांचे संगीत सुरू झाले, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

त्यांचा पहिला अल्बम १९८४चा. त्याच वर्षी मार्चमध्ये ब्रिटनच्या कोळसा मंडळाने वीस खाणी बंद करून वीस हजार नोकऱ्या कमी करण्याचा बेत जाहीर केला आणि देशभर संप पेटला. आपल्याकडे १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपाला तेव्हा दोन वर्षे उलटली होती. अडीच लाख कामगारांपैकी कितीतरी जण गावी परतले होते. टेस्ट डिपार्टमेंटने संपकऱ्यांच्या मदतीसाठी कार्यक्रम केले. वेल्सचा गायकवृंद त्यांच्याबरोबर उभा राहिला, आणि त्यातून हा दुसरा अल्बम झाला.

तो ऐकताना एक गोष्ट खटकते. बँडचे बडवणे आणि कामगारांचे गाणे बहुतांशी वेगवेगळे राहते. कलेच्या दृष्टीने हा दोष म्हणता येईल. पण माझ्या मते अल्बमचे मोल त्यातच आहे. कारण खाणीत उतरणारी माणसे लोखंडाचा आवाज गातच नाहीत. ती गातात चॅपेलमध्ये शिकलेल्या पद्धतीने, आवाजांचे थर एकावर एक चढवत.

भाच्याने मोबाईल स्पीकरला जोडला तेव्हा अण्णा खाटेवर पडून होते. पहिल्या रचनेला त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "काय बडवायलेत रे हे? पगार मिळतो का याचा?" नंतर गायकवृंद सुरू झाला. ते उठून बसले. "हे कुठल्या देवाचं म्हणायलेत?"

अण्णांचा एक कान गिरणीने घेतला आणि दुसरा अर्धा ठेवला. खात्यात बोलणे ऐकू येत नसे, म्हणून खुणा चालत: पाण्याची खूण, जॉबर आल्याची खूण. लँकेशायरच्या गिरण्यांतल्या बायकाही ओठांच्या हालचालींवरून बोलत. त्यासाठी त्यांच्या बोलीत वेगळा शब्दच होता. कामाचा आवाज गाण्यात उतरत नाही असे नाही. जात्यावरची ओवी जात्याच्याच घरघरीवर चालते. पण जात्याची गती बाईच्या हातात असते, तिला दम लागला की जाते हळू होते. साच्यातला धोटा मिनिटाला दीडशेच्या वर फेऱ्या मारतो आणि कुणासाठी थांबत नाही. त्याच्याशी माणसाचा श्वास जुळायचा कसा?

म्हणूनच सोलापुरात १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाल्यापासून एवढी यंत्रे खडखडली, तरी कामगारांच्या गाण्यात आली ती डफ-तुणतुण्याची साथ. बार्शीत १९१६ साली जन्मलेले अमर शेख स्वतः गिरणी कामगार होते, संपात पडून तुरुंगात गेले. पुढे १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर लालबावटा कलापथकात आले. यंत्राच्या आवाजाला त्यांचे उत्तर होते खुल्या मैदानात दूरवर पोहोचणारा गळा. वेल्सच्या त्या गायकांचे उत्तरही याच जातीचे.

३ मार्च १९८५ला खाण कामगारांच्या प्रतिनिधींनी तडजोडीविना कामावर परतायचे ठरवले. कामगार परतले ते बॅनर उंच धरून, वाद्ये वाजवीत. मुंबईचा संप तर रीतसर मागेही घेतला गेला नाही. टेस्ट डिपार्टमेंटने १९८६च्या तिसऱ्या अल्बममध्ये केंटमधल्या एका खाण कामगाराचे बोलणेच घातले. तिथे मात्र बडवणे त्याच्या आवाजामागे चालत राहते.

तो तिसरा अल्बम मी अण्णांना अजून ऐकवलेला नाही. ते दुसऱ्यातलेच गायकांचे गाणे पुन्हा लाव म्हणतात, तेही स्पीकर पुरता मोठा करून.