एकवीस धांवांचें मोल

मुंबईच्या पंचरंगी क्रिकेट स्पर्धेचा १९४३ मधील अंतिम सामना, खेळाडूंची योग्यता आंकड्यांनीं मोजूं पाहणारांस अद्यापि विचार करावयास लावतो. हिंदु संघाच्या ५८१ धांवांपुढें ‘रेस्ट’ संघाचा पहिला डाव १३३ धांवांत आटोपला. दुसऱ्या डावांतील ३८७ धांवांपैकीं ३०९ एकट्या विजय हजारे यांच्या. म्हणजे शेंकडा सुमारें ऐंशी! तरीही सामना डावानें गेला.

त्याच डावांत त्यांचे बंधु विवेक यांच्या नांवापुढें अवघ्या २१ धांवा आहेत. सरासरीच्या हिशेबीं ही कामगिरी सामान्यच ठरते. परंतु सहाव्या गड्यासाठीं दोघां भावांनीं केलेली भागीदारी ३०० धांवांची होती. विवेक यांनीं एक टोंक सांभाळलें नसतें, तर दुसऱ्या टोंकाचा पराक्रम कोठून घडता?

बास्केटबॉलचे संख्याशास्त्रज्ञ असाच प्रश्न निराळ्या रीतीनें सोडवूं पाहतात. खेळाडू मैदानांत असतांना संघानें मिळविलेल्या गुणांतून प्रतिपक्षाचे त्याच वेळचे गुण ते वजा करतात. या दृष्टीनें विवेक यांच्या खातीं २१ नव्हे, ३०० धांवांचें श्रेय जमा होतें. मात्र हें माप त्या भागीदारींत विजय व विवेक यांस सारखेंच लेखतें! तात्पर्य, आंकडा साक्षीदार खरा. परंतु एकाच साक्षीवर न्याय देऊं नये.